मदत हवी आहे: पाचवीच्या वर्गातला अपूर्णांकांचा आठवडा

नमस्कार मंडळी. पाचवीसाठी हा आठवडा अपूर्णांकांचा ठेवलाय. सोमवारी कागदी पट्ट्यांना घड्या घालून अर्धा, पाव, अष्टमांश केले, मंगळवारी त्याच पट्ट्या शेजारी ठेवून लहान-मोठे ओळखले. मुलं रमली. (वर्गभर कपटे झाले, ते सोडा.) बुधवारी बेरीज आली आणि घोडं अडलं: १/२ + १/३ = २/५! अंशात अंश, छेदात छेद. २/५ तर अर्ध्याहूनही कमी, मग बेरीज घटली कशी, असं विचारलं तर दोघा-तिघांनाच खटकलं. समच्छेदाचा नियम सांगून मोकळं व्हायचं नाहीये. पट्टीचे ६ भाग करून ३/६ आणि २/६ रंगवायला द्यावं म्हणते, पण घडीने तीन समान भाग मुलांना जमत नाहीत. गुरुवार-शुक्रवारसाठी कुणी काही करून पाहिलंय का? तास ३५ मिनिटांचाच आहे.