गरोदर बायको जिन्यावरून घसरली, दवाखान्यात न्यावं का? लवकर सांगा

बावरलेला: तासाभरापूर्वी बायको शेवटच्या तीन पायऱ्यांवरून घसरली. पोटावर नाही, कुशीवर आपटली. कोपर खरचटलंय, बाकी काही नाही. अंगावरून रक्त जात नाहीये. ती म्हणते झोपते. आमच्या डॉक्टर फोन उचलत नाहीत. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

निवांत: कितवा महिना? बाळ हलतंय का? रक्तगट? काहीच न सांगता 'लवकर सांगा' काय?

आजीबाईचा_बटवा: घाबरू नका हो. मी सातव्यात चांगली दाणकन आपटले होते. बाळाभोवती पाण्याची उशीच असते. पडून राहू दे तिला.

रात्रपाळी: आजी, तुमचं नशीब थोर. मी लेबर रूममध्ये असते म्हणून सांगते. हिसका बसला की गर्भपिशवी ताणते, पण तिला आतून चिकटलेली वार (बाळाला रक्त पुरवणारी, प्लासेंटा) ताणत नाही, मग ती सुटते. रक्त आतच साठतं, बाहेर थेंब दिसत नाही. २० आठवडे उलटले असतील तर आत्ता निघा. निदान ४ तास बाळाच्या ठोक्यांचा नि कळांचा मॉनिटर लावतात. उताणी झोपवू नका, डाव्या कुशीवर ठेवा.

बावरलेला: २९ आठवडे. ओ निगेटिव्ह. विचारल्यावर आत्ता म्हणतेय, पोट मधूनच दगडासारखं होतंय. पण सोनोग्राफीवाले रात्री बंद असतात ना?

निवांत: अहो मग टाईप काय करत बसलात!

रात्रपाळी: नुसत्या सोनोग्राफीवर जाऊ नका, सुटलेली वार तीत कित्येकदा दिसतच नाही. प्रसूती होतात असं हॉस्पिटल गाठा. निगेटिव्ह आहे हे दारातच सांगा. आईचं निगेटिव्ह रक्त बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावं लागतं, २८ व्या आठवड्यात घेतलं असलं तरी.

सावधान: एक्स-रे मात्र काढू देऊ नका!

रात्रपाळी: गरज असेल तर काढू द्या. आधी आई, मग बाळ. आईचं रक्त या दिवसांत वाढलेलं असतं, त्यामुळे बरंच गेलं तरी बीपी ठीकच दिसतं. तपासण्या अडवू नका.

गाडीवान: सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून घ्यावा. पोटावरून कधीच नाही.

निवांत: ती जिन्यावरून पडलीय.

गाडीवान: मग जाणार कशातून?

बावरलेला: पोचलो. मॉनिटर लावलाय. बाळाचे ठोके १४२, ठीक आहेत, पण दहा मिनिटांत दोन कळा दिसल्या, म्हणून २४ तास ठेवून घेतायत. अँटी-डी दिलं. कोपराकडे कुणी बघत नाही म्हणून ती माझ्यावर वैतागलीय.

आजीबाईचा_बटवा: मी म्हटलंच होतं, काही होत नाही.