एकाच जेलची एक बाजू बुळबुळीत, दुसरी अडखळणारी. असं का?

प्रश्न:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या पाण्यात फुगणाऱ्या जेलची 2 मिमी जाड फिल्म करतेय. खाली काच, वर पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकच्या पेट्रीडिशचं झाकण. फिल्म दोन दिवस पाण्यात फुगवली, मग तिच्यावर 50 ग्रॅम वजनाची काचपट्टी ठेवून स्प्रिंगकाट्याने ओढली. काचेकडच्या बाजूवर काटा 12 ग्रॅमला पोचतो तेव्हा पट्टी हलते, तीही झटके देत. झाकणाकडच्या बाजूवर 3 ग्रॅमलाच अलगद सरकते. पाच फिल्म केल्या, पाचही वेळा हेच. द्रावण एकच, दिसायला दोन्ही बाजू आरशासारख्या. मग फरक कुठून आला?

उत्तर 1:
फरक झाकणाने केलाय. पॉलिस्टायरिनमध्ये हवेतला ऑक्सिजन मुरलेला असतो. तो तिथले रॅडिकल (साखळ्या वाढवणारे क्रियाशील रेणू) मारतो, त्यामुळे त्या बाजूला साखळ्यांचं जाळं नीट विणलंच जात नाही. एका टोकाने मोकळ्या साखळ्या पाण्यात लोंबत राहतात. सब्जाच्या बियांभोवतीचा थर बोटांत धरून बघा, साधारण तसंच. हा विरळ थर पाणी धरून ठेवतो आणि पट्टीला घट्ट जाळ्यापर्यंत पोचू देत नाही. काचेकडे मात्र जाळं थेट पृष्ठभागापर्यंत दाट असतं.
होक्काइडो विद्यापीठातल्या ज्यान पिंग गोंग यांच्या गटाने 2001 मध्ये हे फार सुंदर दाखवलं होतं. टेफ्लॉन किंवा पॉलिस्टायरिनला लागून घडवलेल्या जेलचा घर्षण गुणांक (ओढायला लागणारं बल भागिले वजन) त्यांना 0.0001 च्या घरात मिळाला.
आणि एक, काळजीपोटी: साखळीत न जुळलेलं अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं. पाणी बदलत जेल नीट धुऊन होईपर्यंत हातमोजे काढू नका.

उत्तर 2:
पट्टी ठेवल्यावर किती वेळ थांबता? थांबाल तितकं मधलं पाणी पिळून निघतं आणि पहिला झटका वाढतो. वेळ आणि ओढण्याचा वेग लिहून ठेवल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडू नका. खाचा पाडलेली फिल्म करणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. टायरच्या खाचांसारखं पाणी तिथून पळतं, म्हणून वेगात ओढताना पाण्याचा थर टिकत नाही.

प्रश्नकर्ती:
काल ऑक्सिजन घालवायला द्रावणातून नायट्रोजन सोडला आणि दोन्हीकडे काच लावून ओतली. धुऊन, फुगवून आज मोजली: दोन्ही बाजू 11-12 ग्रॅमवर! जुन्या फिल्मच्या झाकणाकडच्या बाजूवर अर्धा तास थांबून ओढलं तर 3 चे 5 झाले. आता प्रत्येक वेळी घड्याळ लावून एकच मिनिट थांबतेय.