मदत हवी आहे: खो-खोचा संघ, रत्नागिरी ते धाराशिव आणि शेंगदाण्याची ॲलर्जी

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आमच्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ निमंत्रित स्पर्धेसाठी धाराशिवला चाललाय. व्यवस्थापक म्हणून मी सोबत आहे. टेम्पो ट्रॅव्हलरने आंबा घाट चढून कोल्हापूर, मिरज, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर असा रस्ता. कोल्हापूर आणि सोलापूरला मुक्काम, दोन्हीकडे सरावाचे सामने.

बऱ्याच मुली पहिल्यांदाच घाटावर येतायत. रोज लॉजखालच्या हॉटेलातला पुलाव खाऊन त्यांनी परत यावं, हे मला अजिबात पटत नाही. कोल्हापूरचा पांढरा रस्सा, मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी, सोलापूरची कडक भाकरी, हंगाम आहे तर हुरडा, कुंथलगिरीचे पेढे हे सगळं त्यांच्या तोंडी लागावं अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण एकच, पण मोठी. आमच्या एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नुसती खाज नाही, घसा सुजतो, श्वास लागतो. डॉक्टरांनी दिलेली औषधं कायम माझ्याजवळ असतात. घरी फारसं अडत नाही, कारण आमचं वाटण ओल्या नारळाचं. घाट चढलं की नारळाची जागा दाण्याचं कूट घेतं. आमटीत कूट, वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीतही कूट. भडंग, शेंगा चटणी, शेंगा पोळी तर सोडूनच द्या. त्यात संक्रांत जवळ, म्हणजे भोगीची भाजी आणि तिळगुळाची वडी आलीच.

पोर आमची सगळ्यात चपळ संरक्षक आहे. बाकीच्या हुरडा खात असताना तिला बिस्किटाचा पुडा देऊन बाजूला बसवणं माझ्याच्याने होणार नाही. तिला काय चालेल, कुठे काय विचारायचं, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी इतर मुलींनी काय टाळावं, कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी सोलापूरचा. आधी स्पष्ट सांगतो, आमच्याकडे खानावळीत "कूट घालू नका" एवढं सांगून भागत नाही. भाजी वेगळी केली तरी डाव, कढई, मिक्सरचं भांडं तेच असतं. म्हणून तिचं जेवण खानावळीत नको, ओळखीच्या घरी सांगा. पिठलं, भाकरी, साधं वरण, दही हे बिनकुटाचं सहज होतं. कारळाची किंवा जवसाची चटणी चालेल असं कुणी म्हणेल, पण ती त्याच उखळात कुटलेली असते.

हुरड्याला मात्र तिला जरूर न्या. शेतमालकाला आधी फोन करून पहिली आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा विस्तव, तिच्यासाठी लावायला सांगा. कणसं गोवरीच्या विस्तवातून काढून गरम असतानाच हातावर चोळतात. चोळणाऱ्याने हात साबणाने धुतलेले हवेत, चटणीची वाटी तोवर बाहेर काढूच नये. कोवळा गूळभेंडी जातीचा हुरडा नुसत्या गुळाबरोबरही झकास लागतो. वर पाणी न पिता ताक प्यायचं, ही आमच्याकडची रीत. पोटाला जड असतो, तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी कुणालाच नको, स्पर्धा संपल्यावर ठेवा.

प्रतिसाद २

माझ्या मुलालाही हीच ॲलर्जी आहे. तेल विचारायला विसरू नका. घाण्याच्या शेंगतेलात दाण्याचा अंश राहतो. त्या भागात करडईचं तेल मिळतं, पण एकाच घाण्यावर दोन्ही गाळत असतील तर तेही नको. सीलबंद सूर्यफुलाचं तेल सोबत न्या आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हातात द्या. औषध तुमच्याकडे आहेच, शिवाय एक संच मैदानावर प्रशिक्षकांकडे असू द्या.

कोल्हापुरात पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू असतात, त्यामुळे मुलींना तो ओळखीचा वाटेल. तरी कूट आहे का ते विचाराच. तांबडा रस्सा मात्र सामना झाल्यावरच द्या, तिखटाची सवय नसलेल्या पोरींना रात्रभर पाणी पीत बसावं लागतं. गंगावेशीत समोर पिळलेलं फेसाळ दूध दाखवायला न्या, पण प्यायला नको. कच्चं दूध अंगावर आलं तर पळती कोण करणार?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हुरडा शेवटच्या दिवशी, तेलाचा डबा आणि गॅसची छोटी शेगडी सोबत, तिचं भांडं वेगळं, हे ठरलं. सोलापुरातून कडक भाकरी आम्ही दह्याबरोबर खाऊ, चटणीचं पाकीट गाडीत उघडायचं नाही असं सगळ्यांना सांगितलंय. मुलींनी लगेच कबूलही केलं.

आता एवढंच हवंय: तुळजापूर किंवा धाराशिवमध्ये कुणाच्या ओळखीचं असं घर आहे का, जिथे पैसे घेऊन दोन वेळचं बिनकुटाचं जेवण करून देतील? आणि हुरड्याचं शेत? विपू (निरोप) करा, मी स्वतः फोन करून बोलेन.