वाईडबँड: 4.9 की 4.2, आणि बाकीचं कोण बघणार?

रिचमिक्स्चर: इंजिनच्या ट्यूनिंगसाठी वाईडबँड, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा सेन्सर घ्यायचा तर बॉशचा एलएसयू 4.9च घ्या. 4.2 म्हणजे पैसे पाण्यात. बाकी काही बघायची गरज नाही.

जुनापाना: पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. ‘बाकी काही बघायची गरज नाही’ हे वाचून मात्र डोकं तापलं. माझ्या गाडीत 4.9च होता. कंट्रोलरचा (सेन्सर चालवणारा डबा) अर्थ, म्हणजे ग्राउंडची वायर, बॉडीला; ईसीयूचा (इंजिनचा संगणक) इंजिनला. हीटर चालू झाला की दोन्हींत 0.2 व्होल्टचा फरक पडायचा. 0 ते 5 व्होल्ट म्हणजे एएफआर (हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण) 10 ते 20 अशी मांडणी होती, म्हणजे ईसीयूला मिक्स्चर 0.4 ने लीन (इंधन कमी) दिसायचं. मी दोन महिने इंधन वाढवत बसलो आणि प्लग काळेकुट्ट होत राहिले. सेन्सर एकदाही खोटं बोलला नव्हता. कंट्रोलर कुठला, अर्थ कुठे, कॅनवरून (गाडीतली डिजिटल डेटा लाइन) आकडे घेता येतात का, हे आधी विचारा.

रिचमिक्स्चर: वायरिंग तुमचं चुकलं, त्यात माझ्या सल्ल्याचा काय दोष? 4.2 ला संदर्भासाठी, म्हणजे तुलनेला, बाहेरची हवा लागते. ती खराब झाली की रीडिंग सरकतं. 4.9 स्वतःचा संदर्भ पंप करून तयार करतो. हा फरक खोटा आहे का?

जुनापाना: खरा आहे, मान्य. पण 4.2 साठीच बनलेल्या कंट्रोलरला 4.9 जोडू नका, हे तुम्ही लिहिलं नाहीत. 4.2 चा कंट्रोलर सेन्सर तापवून त्याचा आतला रोध 80 ओहमवर धरतो, 4.9 ला 300 लागतात. कनेक्टर बदलून बसवलात तर हीटर सेन्सरला भाजून काढेल.

लॅम्बडाच: दोघेही एएफआरमध्ये का बोलताय? लॅम्बडा बोला, म्हणजे इंधन पुरतं जळायला लागेल तेवढ्याच हवेला 1 धरणारं माप.

रिचमिक्स्चर: झालं सुरू! वीस वर्षं 12.5 बघून ट्यून करतोय, एक पिस्टन वितळलेला नाही.

लॅम्बडाच: पेट्रोलवर 12.5 म्हणजे लॅम्बडा 0.85, तिथे तुमचं चालून जातं. माझ्या मित्राने ई85 (85 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) भरलं. कुठेतरी वाचलं होतं की त्याचं संतुलन (लॅम्बडा 1) एएफआर 9.8 ला येतं, म्हणून गेजवर 9.8 आणायला निघाला. गेज होतं पेट्रोलच्या मोजपट्टीचं. इंधन कुठलंही असो, लॅम्बडा 1 ला ते 14.7च दाखवणार. हा ओततोय ओततोय, आकडा 10 वर जाऊन थांबला तरी याचं समाधान नाही. शेवटी इंजिन तडतडायला लागलं. सेन्सर मोजतो लॅम्बडा, एएफआर हा फक्त गुणाकार आहे.

रिचमिक्स्चर: मित्राने वाचलं अर्धवट, शिक्षा आम्हाला का? मी ई85 वापरत नाही.

लॅम्बडाच: ई20 तर भरता ना? त्याचं संतुलन 13.5 च्या आसपास. म्हणजे तुमचे 12.5 हे खरे 12.5 नाहीतच.

जुनापाना: लॅम्बडाचं बरोबर आहे, पण इथे विषय खरेदीचा आहे.

लॅम्बडाच: मग खरेदीचंच सांगतो, लॅम्बडा दाखवणारं गेज घ्या! आयुष्यभराचा गोंधळ वाचेल.

सायलेन्सरखाली: मी बसवायचं काम करतो, म्हणून माझी तक्रार ऐका. सेन्सर आडवा किंवा उलटा बसवून आणतात. आडव्या रेषेपासून निदान 10 अंश वर हवा, नाहीतर पाणी आत जातं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर हवा शिरून लीन दिसतं. मिसफायर झाला तरी न जळलेल्या ऑक्सिजनमुळे लीनच दिसतं, आणि लोक अजून इंधन ओततात. सगळ्यात राग येतो तो ‘गेज नंतर जोडू’ म्हणत सेन्सर विजेशिवाय पाइपात ठेवून गाडी फिरवणाऱ्यांचा. थंड सेन्सरवर काजळी बसते, मग माझ्याकडे येऊन म्हणतात, माल खराब दिलात.

रिचमिक्स्चर: ‘बाकी बघायची गरज नाही’ हे वाक्य मागे घेतो. कंट्रोलर बघा, अर्थ बघा. पण नवीन घेणाऱ्याला 4.9च सांगणार, आणि माझं गेज 12.5च दाखवणार.

लॅम्बडाच: 0.85.