एमओएफ आले, मग कार्बनचं भांडं भंगारात का?

टाकीवाला:
काल इथे कुणीतरी लिहिलंय की २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल एमओएफला (धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून केलेल्या सच्छिद्र जाळ्यांना) मिळालं, एका ग्रॅमला हजारो चौरस मीटर पृष्ठफळ, तेव्हा प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) रंगीत पाण्यासाठी सक्रिय कोळशाचे, म्हणजे कार्बनचे, दिवस संपले. अहो, ज्या एमओएफ-५ मुळे १९९९ साली गाजावाजा झाला, तो दमट हवेतच ढासळतो! पाण्यात टिकणारा दुसरा एमओएफ, यूआयओ-६६ घ्या. त्याचं पृष्ठफळ हजार-बाराशे, म्हणजे नारळाच्या करवंटीपासून केलेल्या चांगल्या कार्बनएवढंच. त्याच्या भोकाची खिडकी ०.६ नॅनोमीटरची. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ या कापडाच्या काळ्या रंगाचा मोठा रेणू त्यातून आत कसा शिरणार? वर ही बारीक पावडर. बेडमध्ये (भांड्यातल्या थरात) भरली की प्रेशर चढलंच.

रेणूरसिक:
अर्धंच सांगताय. यूआयओ-६६ बनवताना अ‍ॅसिटिक किंवा फॉर्मिक अ‍ॅसिड जास्त घातलं की जाळीतले दुवे गळतात आणि भोकं मोठी होतात. एमआयएल-१०१ या एमओएफच्या पोकळ्या तर ३ नॅनोमीटरच्या आसपास. आखूड साखळीच्या पीएफएएसपुढे (न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांपुढे) तुमचा कोळसा लवकर हात टेकतो, ते का लिहिलं नाही?

टाकीवाला:
एमआयएल-१०१ म्हणजे तो क्रोमियमचा ना? छान. रंग काढायला क्रोमियम.

करवंटी_नको:
तुमचं चालू द्या. खरा घोळ खरेदीत आहे. कागदावर आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो) १००० दिसला की माल पास! आयोडीनचा रेणू बारका, २ नॅनोमीटरखालच्या भोकात सहज बसतो. करवंटीच्या कार्बनमध्ये तीच भोकं जास्त. मोठ्या रंगाला २ ते ५० ची हवीत, ती लाकडाच्या कार्बनमध्ये बरी मिळतात. मोलॅसिस नंबर (मळीतले मोठे रंगीत रेणू किती शोषतो ते) मागा म्हटलं की विक्रेता छताकडे बघतो.

टाकीवाला:
आणि लाकडाचा माल बॅकवॉशमध्ये (खालून उलटं पाणी सोडून धुताना) चुरा होऊन गटारात जातो, ते कोण भरणार? करवंटी टणक असते म्हणून घेतात.

करवंटी_नको:
मग दगडी कोळशाचा घ्या! टणकही आहे, मधली भोकंही आहेत. आणि नंबरांवर भांडण्यापेक्षा स्वतःच्या पाण्यावर चाचणी करा. कार्बन दळून ३२५ मेशच्या बारीक चाळणीतून चाळा, ११० अंशांवर वाळवा. गाळलेल्या सांडपाण्याच्या २०० मिलीच्या बाटल्या घ्या, त्यात ०.१, ०.२, ०.५, १ ग्रॅम टाका, एक बाटली कोरी ठेवा. चार तास हलवा, ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, रंग आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) मोजा. दळल्याने वेग वाढतो, क्षमता जवळपास तीच राहते. साध्या पाण्यात एकच रंग घोळून काढलेल्या 'मिलिग्रॅम प्रति ग्रॅम'ला इथे काडीची किंमत नाही. मीठ, साबण, स्टार्च सगळे त्याच भोकांवर बसतात. हे एमओएफवाल्यांनाही लागू, बरं का.

रेणूरसिक:
मीठ भोकांवर बसत नाही. उलट मिठाने रंग कार्बनला जास्त चिकटतो. बाकी मान्य.

करवंटी_नको:
बरं, मीठ मागे घेतो. साबण घेत नाही.

टाकीवाला:
आता कार्बनच्या भांड्याचं माप. ताशी १० घनमीटर पाण्याला १५ मिनिटं संपर्क द्यायचा तर बेड २.५ घनमीटर, म्हणजे जवळपास सव्वा टन माल. व्यास १.२ मीटर धरला तर थर २.२ मीटर, वर निम्मी जागा मोकळी. पण भरल्या भरल्या पाणी सोडलं की वाटच लागते. कोरड्या दाण्यांत हवा अडकते, पाणी एकाच वाटेने पळतं, आठवड्यात रंग बाहेर. आधी २४ तास भिजवा, मग पाणी काळं यायचं थांबेपर्यंत बॅकवॉश. आणि पीएच साडेदहाचं पाणी तसंच सोडू नका, सातपर्यंत आणा. अल्कलीत कार्बनवर ऋणभार असतो आणि रंगावरही. मग तो चिकटेल कसा?

रेणूरसिक:
आणि रंगाने भरून गेलेल्या कार्बनचं काय?

टाकीवाला:
वाफेत ८००-९०० अंशांवर पुन्हा तापवतात. दर खेपेला थोडा जळून घटतो. पीएफएएस तुमच्या एमओएफला दिलं, जा. पण दाणे करून आणा, त्यातला बाइंडर भोकं किती बुजवतो ते मोजून आणा, आणि शंभर बॅकवॉशनंतर भांड्यात काय उरलं तेही.