एमबीबीएस दुसरं वर्ष: आयसीएमआरची स्टुडंटशिप, आविष्कार आणि त्यात मन कसं सांभाळायचं?

सेकंडएमबी_मराठवाडा
सरकारी कॉलेज, दुसरं वर्ष. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपला, म्हणजे एसटीएसला, अर्ज करायचा आहे. त्यात गाईडच्या हाताखाली दोन महिन्यांत एक छोटं संशोधन करायचं असतं. गाईड मिळण्याची शक्यता आहे, विषय अजून नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दोन महिन्यांत होईल असा विषय कसा निवडायचा? याचा पुढे पीजीला (एमडी, एमएस) उपयोग होतो का? आणि तिसरं: आमच्या बॅचमधले दोघेतिघे पार खचलेत, वर्गात येत नाहीत. कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला कचरतात, कारण तिथलेच सर उद्या शिकवणार. अशा वेळी कुठे जायचं?

पीएसएम_कट्टा
विषय नंतर, आधी किती रुग्ण तपासायचे ती संख्या. बहुतेक प्रस्ताव तिथेच गडगडतात.

प्रमाण शोधायचं असेल तर सूत्र सोपं: ४ × प्र × (१०० − प्र) ÷ च². प्र म्हणजे आधीच्या अभ्यासातलं अंदाजे प्रमाण, च म्हणजे चालणारी चूक, दोन्ही टक्क्यांत. समजा, मधुमेहाच्या ओपीडीत पायाची संवेदना गेलेले रुग्ण साधारण ३० टक्के धरले आणि चूक १० टक्के चालवून घेतली, तर ४ × ३० × ७० ÷ १०० = ८४. नकार देणारे दहा टक्के धरून ९४. चूक ५ टक्क्यांवर आणलीत तर ३३६ लागतात. ओपीडी आठवड्यात तीन दिवस आणि माहिती गोळा करायला चार आठवडे, म्हणजे बारा बैठका. ९४ साठी बैठकीला आठ रुग्ण, ३३६ साठी अठ्ठावीस. एका रुग्णाला वीस मिनिटं लागतात, तेव्हा अठ्ठावीस विसराच.

हाच विषय घेतलात तर १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा बारीक तंतू) वापरा. तंतू त्वचेला काटकोनात लावून तो वाकेपर्यंतच दाबायचा, घट्ट्यांवर नाही, आणि रुग्णाचे डोळे मिटलेले असावेत. एका तंतूने दहाएक रुग्णांपेक्षा जास्त तपासले की तो मऊ पडतो, मग त्याला २४ तास विश्रांती द्यावी लागते. आठ रुग्णांची बैठक इथेही बरोबर बसते. तपासणारी व्यक्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवा. नाहीतर फरक रुग्णांतला की हातांतला, तेच कळत नाही.

"विद्यार्थ्यांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि सवयी" छापाची प्रश्नावली कृपया नको. परीक्षकांना तिचा कंटाळा आलेला असतो.

एथिक्सकमिटी_फाइल
वरच्याला जोड. एसटीएसच्या प्रस्तावात तुमचं, गाईडचं किंवा कॉलेजचं नाव कुठेही येता कामा नये, तपासणी नावं झाकून होते. "आमच्या अमुक रुग्णालयात" असं वाक्य कार्यपद्धतीत राहून जातं, ते शोधून काढा. गाईड पूर्णवेळ शिक्षक हवेत आणि एका गाईडकडे वर्षाला एकच विद्यार्थी. म्हणून जाहिरात यायच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठेवा. सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र गाईड आणि अधिष्ठाता (डीन) दोघांकडून लागतं. अधिष्ठाता कार्यालयात ते शेवटच्या दिवशी मिळेल या भरवशावर राहू नका.

खरा वेळखाऊ भाग म्हणजे संशोधनाला मंजुरी देणारी संस्थेची नैतिक समिती (एथिक्स कमिटी). तिची बैठक रोज नसते. निवड जाहीर व्हायची वाट न बघता प्रस्ताव ज्या आठवड्यात आयसीएमआरला जातो, त्याच आठवड्यात समितीकडेही द्या. फाइल परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मराठी संमतीपत्र. इंग्रजी मसुद्याचं शब्दशः भाषांतर करून "सदर संशोधनात सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून" असं लिहिलं की ओपीडीतल्या आजींना त्यातलं काही कळत नाही. "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही" असं लिहा. मंजुरीपूर्वी गोळा केलेली माहिती वापरता येत नाही, नंतर मंजुरी घेऊनही नाही.

मानधन अलीकडच्या सूचनांप्रमाणे दोन महिन्यांचे मिळून ५०,००० रुपये, पण अहवाल मंजूर झाल्यावरच. छपाई, मोनोफिलामेंट हे तोवर खिशातून. या वर्षाच्या तारखा मूळ सूचनेतच बघा, व्हॉट्सॲपवर गेल्या वर्षीच्या फिरतात.

रँकचंगणित
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा कडू आहे. भारतात पीजीचा प्रवेश बहुतेक ठिकाणी नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या रँकवर होतो. पेपर, पोस्टर, स्टुडंटशिप, कशालाच गुण नाहीत. अमेरिकेत रेसिडेन्सी करायची असेल तर संशोधन बघितलं जातं. इथे राहायचं असेल तर एसटीएस शिकण्यासाठी करा.

केलेलं काम आविष्कारला नेता येतं. राज्यपाल कार्यालयाने २००६ पासून सुरू केलेली ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा, त्यात वैद्यक आणि औषधनिर्माण असा वेगळा गट आहे. आधी आरोग्य विद्यापीठाच्या फेरीतून निवड व्हावी लागते. पोस्टरवर अख्खी प्रस्तावना चिकटवू नका, परीक्षक आधी तक्ता बघतो, मग विचारतो "नमुना ९४च का?" तिथे वरचं गणित तोंडपाठ हवं.

आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या मासिकांच्या ईमेल सरळ डिलीट.

पीएसएम_कट्टा
@रँकचंगणित, "गुण नाहीत" हे खरं, पण पीजीत प्रबंध सक्तीचा आहे. नमुनासंख्या काढणं तेव्हा पहिल्यांदा शिकणारे फार हाल भोगतात.

ओपीडी_खोली_सात
तिसरा प्रश्न सगळ्यांच्या खाली राहिला, तो वर हवा होता.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाचा २०२४ चा अहवाल आहे. सर्वेक्षणात २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थी होते, त्यांपैकी २७.८ टक्क्यांनी स्वतःहून मानसिक आजार असल्याचं नोंदवलं आणि १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार. तुमचे दोघेतिघे अपवाद नाहीत.

स्वतःच्या कॉलेजात जायचं नसेल तर दुसऱ्या सरकारी रुग्णालयाची किंवा जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी चालते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, त्यामुळे डॉक्टर तुमची माहिती अशीच कॉलेजला कळवू शकत नाहीत. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. रॅगिंगचा भाग असेल तर १८००-१८०-५५२२.

कॉलेजकडे मागायचं असेल तर जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी ठेवा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे, आणि गुणांवरून बॅचेस पाडणं किंवा चारचौघांत अपमान करणं टाळायचं आहे. विद्यार्थी परिषदेने अधिष्ठात्यांना लेखी विचारावं: समुपदेशक कोण, कुठे, किती वाजता? आणि पोच घ्यावी.

हजेरीचंही बघा. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते. आजारी मुलगा हजेरीच्या भीतीने आणखी दडतो. उपचार सुरू असतील तर कागदपत्रं वेळच्या वेळी मेंटॉरला दाखवा, सेमिस्टर संपल्यावर नाही.

मरण्याची भाषा करणाऱ्याला होस्टेलच्या खोलीत एकटं ठेवू नका. सोबत कुणीतरी बसा आणि त्याला थेट कॅज्युअल्टीत घेऊन जा. त्या क्षणी विभाग आपला की परका हे बघू नका.

सेकंडएमबी_मराठवाडा
धन्यवाद. मोनोफिलामेंटचा विषय गाईडना उद्या दाखवतो. १४४१६ होस्टेलच्या ग्रुपवर टाकला आहे. एक शंका: संवेदना नसलेला रुग्ण सापडला तर त्याला पुढे कुणाकडे पाठवायचं, हे प्रस्तावात लिहायचं का?

एथिक्सकमिटी_फाइल
हो, लिहायचंच. समिती पहिल्यांदा तेच विचारते. त्याच दिवशी मेडिसिन ओपीडीत पाठवणी आणि पायाच्या निगेचं मराठी पत्रक, एवढं पुरतं.