'फायरफ्लाय' अर्धवट राहिली म्हणून मोठी वाटते का?

रेवाकाठ

'फायरफ्लाय'चा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "लवकर बंद पडली म्हणून एवढं कौतुक. पाच-सहा सीझन चालली असती तर तीही पाणी घालघालून पातळ झाली असती." मला हे मुळीच पटत नाही. का पटत नाही ते नीट मांडावं म्हणून हा धागा. पुढे कथानक उघड होणार आहे, पाहायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉस व्हीडनची ही मालिका अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ला सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपलीसुद्धा. १४ भाग तयार झाले होते, त्यांतले ११च तेव्हा दाखवले. काळ इसवी सन २५१७. माणसांनी पृथ्वी कधीच सोडली आहे. मधले सधन ग्रह 'अलायन्स' नावाच्या सत्तेकडे आणि कडेचे ग्रह धुळीत, घोड्यांवर, कर्जात. या कडेच्या लोकांनी स्वतंत्र राहण्यासाठी युद्ध केलं आणि ते हरले. हरलेल्या बाजूचा एक सार्जंट, मॅल्कम रेनल्ड्स, जुनं मालवाहू यान घेऊन मिळेल ते काम करतो, चोरीचा माल वाहण्यापर्यंत. यानावर नऊ माणसं. परग्रहवासी एकही नाही. अंतराळात काही फुटलं तर आवाज येत नाही, कारण तिथे हवा नाही. एवढी साधी गोष्ट टीव्हीवर क्वचितच पाळली जाते.

माझं म्हणणं एकाच भागाच्या आधारे सांगते, 'आउट ऑफ गॅस'. सुरुवातीला ओस पडलेलं यान दिसतं आणि मॅल रक्तबंबाळ होऊन जमिनीवर कोसळतो. मग गोष्ट तीन काळांत फिरू लागते: हे आत्ताचं रिकामं यान, काही तासांपूर्वी काय झालं ते, आणि काही वर्षांपूर्वी एकेक माणूस या यानावर कसा आला ते. बिघाड काय, तर इंजिनातला एक लहानसा पार्ट गेलाय. शत्रूचा हल्ला नाही, कसलं कारस्थान नाही. पार्ट जुना होता आणि नवा घ्यायला पैसे नव्हते, बस्स. हवा संपत चालली म्हणून मॅल सगळ्यांना दोन छोट्या यानांतून पाठवून देतो आणि स्वतः मागे थांबतो. वाटेने जाणाऱ्या एका यानाकडे तो पार्ट मिळतो, पण त्यांचा कप्तान मॅलच्या पोटात गोळी घालतो. मॅल त्यांना पिस्तुलाच्या धाकाने हुसकावतो, तशाच अवस्थेत इंजिनापर्यंत जाऊन पार्ट बसवतो. आता सोबत्यांना परत बोलवायचं एक बटण तेवढं दाबायचं असतं, आणि त्याच्या जवळ पोचून तो पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा सगळे त्याच्याभोवती असतात. बोलावणं गेलंच नव्हतं, तरी आलेले.

गरिबीत जुनं यंत्र चालवणारी माणसं विज्ञानकथेत इतकी खरी मी फार कमी वेळा पाहिली आहेत. अंतराळ म्हणजे विस्मय, हे आपण खूप पाहिलं. इथे अंतराळ म्हणजे पोटापाण्याचा धंदा आहे, आणि त्यात दुरुस्ती पुढे ढकलली तर जीव जातो.

आता फॉक्सने काय केलं ते बघा. मालिकेच्या दोन तासांच्या पहिल्या भागात केली नावाची यानाची मेकॅनिक कप्तानाला, म्हणजे मॅलला, सांगते, हा पार्ट बदला, गेला तर आपण तरंगत बसू. तो टाळतो. 'आउट ऑफ गॅस'चं बीज ते आहे. पण वाहिनीला हा पहिला भाग आवडला नाही, कप्तान फार उदास वाटला. त्यांनी तो २० डिसेंबरला, म्हणजे सगळ्यात शेवटी दाखवला. 'आउट ऑफ गॅस' २५ ऑक्टोबरला दाखवून झाला होता. बीज आणि फळ यांचा क्रमच उलटा. अशी मालिका प्रेक्षकांना का भिडली नाही, हा प्रश्न मला पडत नाही.

तर्ककर्कश

असहमत. भाग उलटेसुलटे लावले ही फॉक्सची घोडचूकच, त्यावर वाद नाही. पण सगळं खापर वाहिनीवर फोडायची या मालिकेच्या चाहत्यांना सवय लागली आहे. शुक्रवारची, म्हणजे कमी प्रेक्षकांची, वेळ दिली म्हणून मेली, हेही नेहमी ऐकू येतं. याच वाहिनीवर 'द एक्स-फाइल्स' पहिले तीन सीझन शुक्रवारीच चालली आणि तिथेच मोठी झाली.

दुसरं असं की मालिकेला दुसरी संधी मिळाली होती. डिसेंबर २००३मध्ये डीव्हीडी आल्या, खपल्या, म्हणून युनिव्हर्सलने २००५मध्ये 'सेरेनिटी' चित्रपट काढला. साधारण ३.९ कोटी डॉलर खर्च आणि जगभरात कमाई जेमतेम ४ कोटी. तिथे कुणी क्रम बदलला नव्हता, मालिकेसारखे बेसबॉलच्या सामन्यांमुळे खाडे नव्हते. चाहते आले, बाकी लोक आले नाहीत. म्हणजे ही आवड मुळातच मोजक्या लोकांची होती.

आणि न सुटलेल्या प्रश्नांना तुम्ही लोक खोली समजता. शेफर्ड बुक हा धर्मगुरू जखमी होतो, अलायन्सचे अधिकारी आधी मदत नाकारतात आणि त्याचं ओळखपत्र पाहताच धावपळ करून उपचार करतात. का? मालिकेत उत्तर नाही. यानावरच राहणाऱ्या इनाराचं गुपित काय? उत्तर नाही. उत्तरं आली असती तर त्यातली निम्मी फुसकी निघाली असती. लांबलेल्या कुठल्याही मालिकेचा अनुभव आठवून बघा.

यंत्रघर

कथेच्या वादात मी पडत नाही, पण एक बाजू कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. यानाचा सेट सलग बांधला होता, एकेक मजला अखंड. त्यामुळे कॅमेरा खांद्यावर घेऊन माणसांच्या मागे एका खोलीतून दुसरीत जाता आलं. आणि बाहेरची संगणकावर केलेली दृश्यंही तशीच: कॅमेरा हलतोय, यान आधी चौकटीतून निसटतं, मग झूम करून पकडलं जातं. जणू तिथे खरंच कुणीतरी चित्रीकरण करतंय. ते काम झोइक स्टुडिओजचं, आणि २००३मध्ये मालिकेला दृश्यपरिणामांसाठी एमी मिळालं. त्याच वर्षी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या नव्या लघुमालिकेत तीच शैली दिसते, इतकंच काय, एका दृश्यात मॅलच्या यानासारखंच, 'फायरफ्लाय' जातीचं यान आकाशातून जाताना दिसतं. ११ भाग दाखवलेल्या मालिकेने अंतराळ कसं चित्रित करायचं हे बदललं. हे श्रेय अकाली मरणाचं नाही.

रेवाकाठ

@यंत्रघर, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद.

@तर्ककर्कश, 'एक्स-फाइल्स'चं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे दोन माणसं आणि दर आठवड्याला नवं प्रकरण, मधल्याच भागापासून पाहिली तरी समजते. इथे नऊ माणसं आहेत, आणि त्यांची ओळख करून देणारा भाग बाजूला ठेवून व्हीडन आणि त्याचा सहकारी लेखक टिम मिनिअर यांना शनिवार-रविवारात नवा सुरुवातीचा भाग लिहायला लावला. (तो 'द ट्रेन जॉब'सुद्धा चांगलाच आहे. लुटलेल्या पेट्यांत खाणकामगारांच्या गावाची औषधं आहेत हे कळल्यावर मॅल माल परत करतो. पण कोण कुणाचं कोण, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला कसं कळावं?)

गुपितांबद्दल म्हणाल, तर बुक आणि इनारा यांची गुपितं मला कधीच महत्त्वाची वाटली नाहीत. 'जेन्सटाउन' घ्या. तिथे गुपित नाहीच. जेन हा सगळ्यांत स्वार्थी माणूस. चोरी करून पळताना वजन कमी करायला त्याने लुटीचा पैसा खाली टाकला, तो चिखल उपसणाऱ्या वेठबिगार मजुरांच्या वस्तीत पडला. त्यांना वाटलं, यानं आपल्यासाठी टाकला. त्यांनी त्याचा पुतळा उभारला, त्याच्यावर गाणं रचलं. शेवटी जेनचा जुना साथीदार सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकतो, आणि ते ऐकूनही एक पोरगा जेनच्या वाटेची गोळी स्वतः झेलतो. जेन तो पुतळा स्वतःच्या हाताने पाडतो आणि त्यालाही कळत नाही की हा मुलगा का मेला. गोष्ट तिथे पूर्ण होते. यातलं काय अर्धवट आहे सांगा.

मृगजळ

धागा आवडला, पण दोन्ही बाजू एका गोष्टीला हात लावत नाहीत.

या मालिकेची कल्पना व्हीडनला अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईवरची कादंबरी वाचून सुचली, हे त्यानेच सांगितलं आहे. हरलेले सैनिक, स्वाभिमानी, केंद्रसत्तेचा तिटकारा असलेले, सीमेवर नव्याने आयुष्य सुरू करणारे. ही दक्षिणेच्या पराभूतांची प्रतिमा आहे. अमेरिकेत तिच्याभोवती शंभर वर्षांहून अधिक काळ एक मोठं खोटं रचलं गेलं, की ते लोक हक्कांसाठी लढले, गुलामगिरीसाठी नाही. मालिकेने त्यातली गुलामगिरी काढून घेतली आणि रुबाब तेवढा ठेवला. मॅलवर जीव टाकताना हे मला विसरता येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट चिनी संस्कृतीची. या भविष्यात अमेरिका आणि चीन मिळून माणसं बाहेर पडली आहेत. पाट्या चिनी, शिव्या चिनी, जेवायला चॉपस्टिक. आणि नऊ मुख्य पात्रांत चिनी वंशाचा माणूस एकही नाही. सायमन आणि रिव्हर या भावंडांचं आडनाव टॅम, तरी तिथेही गोरेच कलाकार. ज्या लोकांची भाषा घेतली त्यांनाच घराबाहेर ठेवलं.

तर्ककर्कश

@मृगजळ, अगदी. म्हणूनच मला 'द एक्सपान्स' कितीतरी सरस वाटते. लघुग्रहांच्या पट्ट्यातले कामगार, त्यांची वेगवेगळ्या भाषांतून झालेली बोली, कमी गुरुत्वात वाढल्यामुळे बदललेली शरीरं, हवा-पाण्यासाठी रोजची झुंज. रेवाकाठ यांना हवी असलेली गरिबी तिथे जास्त विचारपूर्वक आली आहे. तीसुद्धा २०१८मध्ये तीन सीझनांनंतर मूळ वाहिनीने बंद केली, ॲमेझॉनने उचलली आणि सहा सीझन करून २०२२मध्ये संपवली. लांबली तरी पातळ झाली नाही. म्हणजे आवड मोठ्या वर्गाची असेल तर मालिका वाचवता येते.

रेवाकाठ

'एक्सपान्स' मलाही फार आवडते. पण २००२मध्ये मालिका उचलायला स्ट्रीमिंग कंपन्या नव्हत्या. तेव्हा वाहिनीने 'नको' म्हटलं की विषय संपत असे. सोळा वर्षांनंतरचा निकष तिला लावणं अन्याय आहे.

@मृगजळ, युद्धाबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. गुलामगिरी मालिकेतून काढलेली नाही. 'शिंडिग'च्या सुरुवातीला मॅल बिलियर्ड्सच्या टेबलापाशी एका गुलामांच्या व्यापाऱ्याचे पैसे उडवतो आणि तिथेच मारामारी जुंपते. अलायन्सच्या राज्यात माणसं विकली जातात आणि मॅलला त्याची चीड आहे, हे लेखकांनी मुद्दाम दाखवलंय. इतिहासातल्या दक्षिणेची भूमिका त्यांनी बरोबर उलटी केली. हरलेल्याची बाजू सांगणारी प्रत्येक गोष्ट दक्षिणेचीच कैफियत असते असं मला वाटत नाही.

चिनी पात्रांबद्दल मात्र तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते सलतं. मला एवढंच वाटतं की मालिका चालली असती तर ते जग रुंदावलं असतं. १४ भागांत जे राहिलं ते पुढे आलं असतं.

मृगजळ

बिलियर्ड्सचा प्रसंग माझ्या लक्षात आहे. पण विचार करा, पराभूत बंडखोर हवा आणि तो गुलामगिरीचा शत्रूही हवा, ही सोय इतिहासाने दक्षिणेला दिली नव्हती, मालिकेने दिली. तुम्ही जिला उलटवणं म्हणता तिला मी धुऊन काढणं म्हणते. यावर आपलं एकमत होणार नाही, हरकत नाही.

'पुढे आलं असतं' हे मात्र मी मान्य करणार नाही. 'आउट ऑफ गॅस'चं श्रेय तुम्ही लेखकांना दिलंत, आणि ते रास्त आहे. मग पात्रनिवडीचं उत्तरही त्यांनीच द्यायला हवं. ती पहिला भाग चित्रित होण्याआधी झाली. तेव्हा भागांचा क्रम बदललेला नव्हता, मालिका बंद झालेली नव्हती, आणि यानावर नऊ जागा मोकळ्या होत्या.